पाहणीचं पाणी

आमच्या सासूबाईंना सगळी वस्ती ‘नळवाल्या मावशी’ म्हणते. ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी काय धो धो पाणी असेल! कसचं काय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नळ आहे, चांगला पितळेचा आहे, दारासमोर सिमेंटच्या ओट्यावर ऐटीत उभा आहे. वर निळी पाटीसुद्धा आहे. पाणी तेवढं नाही. आणि त्या कोरड्या नळाशेजारी उभं राहून पाहुण्यांसमोर हसायचं, हे आमच्या सासूबाईंचं काम. बिनपगारी, पण मानाचं.

मी त्यांची सून. माझं तोंड फटकळ आहे असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. सांगेना का! तो ट्रकवर असतो, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं असतं तर त्याचंही तोंड सुटलं असतं.

आमची गल्ली चढावर आहे. खालच्या वळणापर्यंत पाणी येतं, तिथून वर चढायचं त्याच्या जिवावर येतं. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण ‘उंबरा प्रकल्प’ आखणाऱ्या मोठ्या साहेबांनी असं ठरवलं, की पहिल्या टप्प्यात सगळ्यांच्या दारात नळ बसवायचे आणि पाणी वर चढवणारा पंप दुसऱ्या टप्प्यात आणायचा. का, म्हणून विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं की पहिल्या टप्प्याचं यश नळांवर मोजायचं आहे. म्हणजे नळ मोजायला माणूस होता. पाणी मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नळ बसले त्या दिवशी मांडव पडला, भाषणं झाली. कुणीतरी गर्दीतल्या सासूबाईंच्या तोंडासमोर माइक धरला आणि विचारलं, “आजी, कसं वाटतंय?” या बाई एरवी डॉक्टरसमोरही ‘बरंय’च्या पुढे जात नाहीत. पण त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे. म्हणाल्या, “इतकी वर्षं डोक्यावर पाणी वाहिलं. आज माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.” टाळ्यांचा कडकडाट! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. वाक्य काही खोटं नव्हतं म्हणा. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलंच होतं. त्याच महिन्यात मी सून म्हणून घरात आले होते.

तेव्हापासून जो पाहुणा येईल तो आमच्या दारी. निधी देणारे, निधी मागणारे, नुसतेच बघणारे. त्यांना घेऊन येतो तो प्रकल्पाचा आमच्याकडचा अधिकारी. त्याला आम्ही ‘झालंच साहेब’ म्हणतो. काहीही विचारा, घाम पुसत म्हणणार, “झालंच म्हणून समजा.” माणूस वाईट नाही. पोरंबाळं आहेत, बदलीची भीती आहे, मोटरसायकल धड चालत नाही. वरचे त्याच्या मानेवर बसतात आणि तो आमच्या ओट्यावर येऊन बसतो.

पहिल्या पाहुण्यांच्या वेळी त्याच्या लक्षात आलं, की नळ सोडला तर हवा येणार. मग त्यानं शक्कल लढवली. शेजारच्या शिंप्याच्या गच्चीवर एक मोठं पिंप चढवलं, तिथून नळी आणून मागच्या बाजूनं गुपचूप नळाला जोडली. पाहणीच्या आदल्या दिवशी टँकर येऊन पिंप भरून जायचा. पाहुणे येणार, सासूबाई नळ सोडणार, पाणी धो धो. पाहुणे हात ओले करणार, फोटो काढणार, चहा घेऊन जाणार. आणि ते गेले, की पिंपात उरलेलं पाणी अख्ख्या गल्लीनं वाटून घ्यायचं. त्याला आमच्याकडे ‘पाहणीचं पाणी’ म्हणतात. गल्लीतल्या बायका हल्ली टँकर कधी येणार असं विचारतच नाहीत. “मावशी, पाहणी कधी?” असंच विचारतात.

आणि सासूबाईंनी त्या पाहण्या अशा काही हातात घेतल्या, की बघत राहावं. कोण कुठं उभं राहणार, रिकाम्या बादल्या शिंप्याच्या दुकानात कशा लपवायच्या, कोपऱ्यावरच्या किरकिऱ्या म्हाताऱ्याला कुणाच्या घरी चहाला बसवायचं, सगळं त्या ठरवायच्या. टँकरवाला झालंच साहेबाचा फोन आला तरी आधी यांना विचारायचा, “मावशी, नक्की ना?” प्रकल्पात एवढे शिकलेले लोक होते, पण वेळेवर होणारं काम एवढं एकच.

मागच्या गल्लीत मात्र असलं काही नव्हतं. तिथल्या खानावळवालीनं पहिल्याच पाहुण्यांना कोरडा नळ दाखवून अशा शिव्या घातल्या होत्या, की झालंच साहेबानं त्या गल्लीचं नावच टाकलं. “त्या गल्लीला वळण नाही,” असं सासूबाई म्हणायच्या. मीही मान डोलवायची. वळण म्हणजे आमच्या गल्लीचं!

आता मुद्द्याचं सांगते. माझं आधी एकदा पोटातलं गेलं होतं. टँकरच्या रांगेतच कळ आली, हातातली बादली कलंडली आणि पुढचं सगळं तिथंच, लोकांच्या पायात. मी त्याबद्दल बोलत नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत. नुसत्या दोन दिवस माझ्या उशाशी बसून राहिल्या.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दमच दिला. वजन उचलायचं नाही, बादलीला हात लावायचा नाही. घरी येऊन मी हे सांगितलं, तर सासूबाई उठल्या आणि बादली घेऊन रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. गुडघे असे, की जिना चढताना कटकट वाजतात. सासरे दम्याचे, ते बादली उचलतील म्हणजे आम्हालाच त्यांना उचलावं लागेल. पेपरातल्या फोटोतली ही बाई रांगेत दिसली की लोक म्हणायचे, “मावशी, तुम्ही कशाला? तुमच्या दारात तर नळ!” आणि हसायचे. त्या पण हसायच्या. घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळताना मात्र हसत नव्हत्या.

एकदा मी भांडले. म्हटलं, “आई, तुम्ही पडलात तर मी कुणाकुणाला सांभाळू? मी अर्धी बादली आणते.”

“हात लावून बघ बादलीला,” त्या म्हणाल्या. “तंगडी मोडीन. बाळ यायच्या आत दारात पाणी आणते की नाही बघ.”

“आणताय! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

त्या गुडघ्याला तेल चोळत राहिल्या. त्यांचं डोकं चालू होतं, हे मला नंतर कळलं.

मग झालंच साहेब एक दिवस पेढे मिळाल्यासारखं तोंड करून आला. मुख्यालयातून मोठ्या बाई येणार होत्या. शेवटची पाहणी. ती पार पडली की पहिला टप्पा यशस्वी म्हणून जाहीर, आणि मग दुसरा टप्पा, म्हणजे पंप.

“पंप आमच्याकडे येणार ना?” सासूबाईंनी विचारलं.

साहेबानं घाम पुसला. “मावशी, पंप जिथं पाणी पोचलं नाही तिथं. तुमच्याकडे तर पोचलंय.”

“कुठं पोचलंय साहेब?”

“म्हणजे… आपल्याकडून पोचलंय असंच कळवलेलं आहे ना. एवढे फोटो आहेत तुमचे.”

हे तो आमच्याच ओट्यावर बसून, आमच्याच टँकरच्या पाण्याचा चहा पीत म्हणत होता! माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. साहेबाला म्हणाल्या, “काळजी करू नका. या पाहणीची सगळी व्यवस्था मी बघते.” साहेब खूश. म्हणाला, “मग झालंच म्हणून समजा.”

पाहणीच्या दिवशी सकाळीच माझी तपासणी होती. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. मला नवल वाटलं. पाहणीच्या सकाळी ही बाई घर सोडणं म्हणजे लग्नाच्या सकाळी नवरी बाजारात जाण्यासारखं. दवाखान्याच्या बाकावर बसलो. समोर भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र लावलेलं. त्याकडे बघत सासूबाई हळूच म्हणाल्या, “पिंप रिकामं आहे.”

“काय?”

“टँकरवाल्याला काल मीच परत पाठवला. पाहणी पुढं गेली म्हणून सांगितलं. माझ्या शब्दाबाहेर नाही तो.” आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आज मी त्या मोठ्या बाईंसमोर नळ सोडणार आणि कोरडा दाखवणार. डोळ्यांनी बघितल्यावर तर पंप देतील?”

“आणि साहेब? फोटो? एवढ्या वर्षांचं खोटं बाहेर पडेल की. लोक तोंडात शेण घालतील तुमच्या.”

“घालू देत. त्या दिवशी रांगेत मी तुझ्यामागंच उभी होते गं. तुझी बादली पडलेली मी बघितली. मला आता लाज परवडेल, ते परत बघणं नाही परवडणार.”

मी रडले, सरळ सांगते. त्या बाकावर, लोकांसमोर. त्यांनी स्वतःच्या हातानं माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, “पुरे. तुझा नंबर आला.”

रिक्षानं परत आलो, तर पाहुण्यांच्या गाड्या आधीच गल्लीच्या तोंडाशी उभ्या. सगळी गल्ली जमलेली. मुख्यालयातल्या बाई पांढऱ्या केसांच्या, साध्या, पायात सपाट चपला. झालंच साहेब त्यांच्या मागे मागे. गल्लीतल्या बायका आम्हाला बघून एवढ्या खुलल्या, की काय विचारू नका. एकीनं मला डोळा मारला. शिंपी गच्चीच्या कठड्यावरून अंगठा वर करून ‘सगळं ठीक’ अशी खूण करत होता. मला वाटलं, पाहुण्यांना बघून हुरळलीत मंडळी. माझं सगळं लक्ष सासूबाईंकडे, बाकीच्यांकडे बघतंय कोण!

सासूबाई ओट्यावर चढल्या. गुडघा कटकन वाजला. नळावर हात ठेवला आणि माइक नसताना माइकसारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बाईसाहेब, आजवर मी तुम्हा लोकांना फसवलं. या नळाला पाणी नाही. कधीच नव्हतं. एक थेंब नाही. हे बघा!”

आणि नळ सोडला.

पाणी आलं. थोडंथोडकं नाही, असं आलं की ओट्यावरून उडून बाईसाहेबांच्या चपला भिजल्या.

मग पांढऱ्या केसांच्या बाई खो खो हसायला लागल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झालंच साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो एकदम गुलाबी झाला. “आमच्या मावशी फार गमत्या आहेत,” तो म्हणाला.

“गंमत नाही!” सासूबाई ओरडल्या. “अहो, हे पाणी नळाचं नाही! हे…” आणि गच्चीकडे बोट करायला वळल्या. मीही वळले.

मागे आमच्या गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत ओले, कपडे पुढून भिजलेले. शिंप्याच्या जिन्यावर वरपर्यंत पाणी सांडलेलं. आणि जिन्याच्या तळाशी आमचे सासरे, दम लागलेला, हातात आमच्या घरातली पिण्याच्या पाण्याची कळशी, रिकामी. माझ्याकडे बघून अभिमानानं मान हलवत होते. सकाळी शिंपी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेला, त्याला पिंप कोरडं दिसलं. टँकरवाला विसरला, आता मावशींची फजिती होणार, म्हणून गल्लीत हाक गेली. आणि ज्याच्या घरात जे होतं ते, रात्रीसाठी ठेवलेलं, लेकरांच्या तोंडचं, सगळ्यांनी वर नेऊन ओतलं.

एक म्हातारी पुढे झाली आणि पाहुण्यांना घाईघाईनं म्हणाली, “मावशी थट्टा करतायत हो. रोज येतं पाणी. आम्ही आहोत ना साक्षीला.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. जीव तोडून डोलावल्या.

सासूबाईंचं बोट अजून हवेतच होतं. त्यांनी एकदा त्या ओल्या हातांकडे बघितलं, एकदा माझ्या पोटाकडे. मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. एक शब्द आणखी बोलल्या असत्या, तर आपल्या अब्रूसाठी घर रिकामं करून आलेली ती सगळी माणसं पाहुण्यांसमोर खोटारडी ठरली असती. त्यांनी बोट खाली घेतलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “थट्टा केली.”

तेवढ्यात कॅमेरावाल्यानं फोटो काढला. डोळ्यांत पाणी, तोंडावर कसंबसं हसू, पुढे नळ धो धो. आनंदाश्रू म्हणे!

पाहुणे गेल्यावर बायकांनी त्यांना घेरलं. “मावशी, काय बाई घाबरवलंत! बरं झालं आम्ही पिंप भरलं, नाहीतर आज अब्रूच गेली असती.” सासूबाई त्यांच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. रागावणार कुणावर आणि कसं! त्या दिवशी ‘पाहणीचं पाणी’ वाटायला उरलंच नाही, सगळं ओट्यावरून गटारात गेलं. टँकर दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्यावाचून भागेल असं एकही घर नव्हतं. अख्खी गल्ली तहानेनं जीभ बाहेर काढून बसली होती आणि तरीही, मावशी वाचल्या म्हणून समाधानात होती.

आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाई? जाताना म्हणे त्यांची गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून मागच्या गल्लीतून गेली. खानावळवाली गाडीला आडवी उभी राहिली, बाईंना खाली उतरवलं, कोरडा नळ दाखवला आणि जन्मभराच्या शिव्या एका दमात दिल्या. पंप त्या गल्लीला मिळाला. ज्या गल्लीला वळण नव्हतं तिला.

एवढं तरी बरं, की पाणी तिथं खरोखर आलं. बाळाच्या आधी नाही, बाळानंतर थोड्या दिवसांनी. मुलगी झाली, गुटगुटीत, आवाज माझ्यावर गेलेला. आता सासूबाई टँकरऐवजी मागच्या गल्लीत पाण्याला जातात. ती आमच्याच उंचीवर, त्यामुळे मधे चढ नाही, तेवढाच गुडघ्यांना आराम. ‘बाळ यायच्या आत’ हे त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, मीही आठवण काढली नाही.

परवा बाळाला घेऊन मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर गेले. मागच्या गल्लीच्या नळाशी प्रकल्पानं भलामोठा फलक लावलाय. ‘पाणी आलं दारी’ असं वर लिहिलेलं, आणि खाली आमच्या सासूबाई. माणसापेक्षा मोठ्या. डोळ्यांत आनंदाश्रू, पुढे धो धो नळ. आणि त्या फलकाखाली रांगेत, हातात रिकामी बादली घेऊन, पुन्हा आमच्या सासूबाईच.

“हे काय?” मी म्हटलं. “इथं यांचा फोटो?”

खानावळवाली बादली भरत होती. “माझाच लावणार होते,” ती म्हणाली. “नळाशेजारी हसत उभी राहा म्हणाले. मी म्हटलं, पाणी येतं तिथं हसायला माणूस कशाला उभं करता? चालते व्हा. मग हा तयार होता तो लावला.” मग फलकाकडे आणि सासूबाईंकडे आळीपाळीनं बघत ती म्हणाली, “पण मावशी, राग नका मानू. तुमच्या दारात एवढं पाणी आणि तुम्ही रोज इथं रांगेत?”

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मला वाटलं, आता सासूबाईही हसतील. सवय आहे त्यांना.

त्या हसल्या नाहीत. फलकाकडे बघत म्हणाल्या, “ते नळाचं पाणी नव्हतं गं. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या घरातलं होतं. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी ओतलं. आमच्या नळाला पाणी नाही. कधीच नव्हतं.”

तेच शब्द होते. पाहणीच्या दिवशी ओट्यावर म्हटलेले, ज्यांवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथं कुणी टाळी वाजवली नाही. खानावळवालीनं आपली अर्धी भरलेली बादली बाजूला सरकवली, सासूबाईंच्या हातातली घेतली आणि नळाखाली लावली.

“आधी तुम्ही भरा,” ती म्हणाली. “घरात लहान लेकरू आहे.”

बादली भरली तशी मी सवयीनं कडीला हात घातला. सासूबाईंनी फटकन माझ्या हातावर मारलं.

“पोरीला धर,” त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून चालू लागल्या.